ओहोटीची वाट

मित्रांनो, तुमच्या वर्गाच्या दाराआड खुंटीवर जी मळकट निळी सॅक लोंबते, ती मी. माझ्यात तुमचे चेंडू आणि उड्यांच्या दोऱ्या असतात. खेळाच्या तासाला तुम्ही मला ओढता, चेन अडकली की दोन हिसके देता आणि तरी उघडली नाही तर खालून थापट्या मारता. तुम्हाला वाटत असेल, मी अशीच म्हातारी जन्मले. तसे नाही. मी विमानाच्या पोटात बसून परदेश पाहिला आहे. आणि तिथे मी इतकी घाबरले होते की आजही तुमच्यापैकी कुणी फळा पुसायचे फडके बादलीत बुडवले, की त्या आवाजाने माझ्या शिवणी आवळून येतात.

मला शिवले ते एका मामाने. ट्रकवर घालायच्या ताडपत्र्या शिवणे हा त्याचा धंदा. त्याच्या भाचीला दुकानातली एकही सॅक पसंत पडेना, तेव्हा त्याने उरलेल्या ताडपत्रीतून मला बेतले, पट्ट्यांना जाड दोऱ्याची शिवण घातली आणि मला नळाखाली धरून आत हात फिरवून पाहिला. आत थेंबसुद्धा नव्हता. त्याने मला भाचीच्या पाठीवर चढवले आणि दोन पावले मागे सरकून बराच वेळ पाहत राहिला.

ही भाची उंच, डोळ्यांनी घारी. सगळे तिला घारीच म्हणत. ती एका छापखान्यात औषधांच्या बाटल्यांवरची लेबले जुळवायची, आणि सुट्टी मिळाली की तिचा पाय घरात ठरत नसे. तिच्या पाठीवर मी डोंगर पाहिले, जंगले पाहिली. वाटेत लोक विचारत, ही कुठून घेतली? घारी मामाचे नाव सांगायची आणि माझी छाती फुगायची. ती कपड्यांनी फुगली होती की कौतुकाने, हे कोण बघायला जाते!

घारीची शाळेपासूनची एक मैत्रीण होती. बुटकी म्हणून तिचे नाव टिल्ली. मित्रांनो, टिल्ली म्हणजे तुमच्या बाई. हसू नका. बाईंनाही कधीतरी कुणीतरी चिडवलेले असतेच.

टिल्लीने कधी एकटीने घर सोडले नव्हते. परदेशी जायचे घारीने ठरवले, तेव्हा टिल्लीच्या आईने आधी साफ नाही म्हटले. मग घारी त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, मावशी, हिला माझ्यावर सोडा. आईने टिल्लीकडे पाहिले, टिल्लीने मानेनेच हो म्हटले, आणि दोघींची तिकिटे निघाली. टिल्लीचे सामान थोडे, तेही माझ्यातच भरले.

त्या देशाची भाषा दोघींना येत नव्हती. पहिल्याच आठवड्यात त्या चुकीच्या बसमध्ये बसल्या आणि एका सिमेंटच्या कारखान्यासमोर उतरल्या. तिथे पहारेकऱ्याशिवाय माणूस नव्हते. परतीच्या बसवाल्याने मला टपावर टाकले आणि पुढच्या थांब्यावर भलत्याच गाडीच्या टपावर चढवले. माझ्या आतल्या कप्प्यात दोघींचे पासपोर्ट होते. अनोळखी सामानाच्या ढिगात मी पालथी पडले होते, गाडी कुठे चालली आहे ते मला कळत नव्हते. दुपार कलल्यावर एका गॅरेजच्या दाराशी घारीचा आवाज ऐकू आला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. घारी हसत होती. टिल्लीने मात्र मला उचलून घेतले आणि आधी आतला कप्पा उघडून दोन्ही पासपोर्ट मोजले. त्यानंतर ती झोपताना माझा पट्टा मनगटाला गुंडाळून झोपू लागली.

मग त्या एका समुद्रकाठच्या गावी आल्या. एका पोक्त बाईच्या घरी वरच्या मजल्यावर खोली मिळाली. खिडकीतून समोर एक लहानसे बेट दिसायचे, त्यावर पांढरे दीपगृह. ओहोटीला समुद्र इतका मागे जाई की बेटापर्यंत नुसती ओली वाळू उघडी पडे. त्या वाळूतून लाकडी खांबांची एक ओळ बेटाकडे गेलेली होती. खांबांच्या कडेने लोक चालत जाताना दिसत.

सकाळी दोघी निघाल्या तेव्हा घरमालकीण बाई जिन्याखाली कपड्यांच्या घड्या घालत होती. घारीने बेटाकडे बोट दाखवले. बाईने हातातला टॉवेल खाली ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केले, मग दोन्ही तळवे दोन बाजूंनी आणून एकमेकांवर दाबले आणि पुष्कळ काही बोलली. घारीने मान डोलावली. बाहेर आल्यावर टिल्लीने विचारले, काय म्हणाल्या त्या? घारी म्हणाली, जेवायच्या वेळी दार बंद करते म्हणत असेल.

जाताना काही त्रास झाला नाही. बेटावर गवत होते, पक्षी होते, दीपगृहाला कुलूप होते. दोघींनी फोटो काढले, पाव खाल्ला. घारी मला उशाला घेऊन थोडी आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. उठली तेव्हा बेटावर आणखी कुणीच नव्हते. हवा गार झाली होती. समुद्राच्या बाजूने एक पांढरी भिंत हळूहळू पुढे येत होती. ते धुके होते.

टिल्ली म्हणाली, आपण इथेच थांबू या. दीपगृहाच्या आडोशाला बसू, धुके जाईल तेव्हा जाऊ. मला हे चांगले वाटत नाही.

घारी मला पाठीवर चढवत म्हणाली, "तू ना, बाथरूममधल्या पालीलाही घाबरतेस. पाव तासाची वाट आहे. चल."

टिल्ली गेली तिच्यामागे. मित्रांनो, तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही गेला असता.

खांबांच्या ओळीतले निम्मे अंतर काटले असेल नसेल, तोच धुक्याने दोघींना गाठले. आधी पुढचा खांब दिसेनासा झाला, मग मागचा. घारी म्हणाली, सरळ चालत राहू. पण धुक्यात सरळ म्हणजे कुठे? पायांखालची वाळू मऊ झाली, मग काळी झाली. टिल्लीचा उजवा पाय घोट्यापर्यंत गेला. तो काढायला तिने डाव्या पायावर भार दिला, तर डावा गुडघ्यापर्यंत गेला. ती धडपडली तशी आणखी रुतली. चिखल मांड्यांपर्यंत आला तेव्हा तिची धडपड थांबली आणि तिने घारीकडे पाहिले. तो चेहरा मी कधी विसरणार नाही.

घारीने मला तिच्यापुढे चिखलावर टाकले आणि तिला माझ्यावर छाती टेकायला सांगितले. मग ती तिचे हात धरून ओढू लागली. ओढता ओढता तिचेच पाय आत जाऊ लागले. ती मागे हटली, पुन्हा आली, पुन्हा हटली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. लांब कुठेतरी पाणी वाहिल्यासारखा बारीक आवाज येत होता. दोघींनी तो ऐकला आणि घारी आणखी जोराने ओढू लागली. घरमालकिणीने दोन तळवे एकमेकांवर का दाबले होते, ते मला तेव्हा समजले. भरती दोन्ही बाजूंनी येते, असे सांगत होती ती.

"मी खांब शोधते," घारी म्हणाली. "कुणाला तरी घेऊन येते. ओरडत राहीन, तू ओ देत राहा."

"सोडून जाऊ नकोस गं," टिल्ली म्हणाली. अगदी हळू म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "जा. जा लवकर."

घारी गेली. तिची हाक येत राहिली, टिल्ली ओ देत राहिली. हाक लहान होत गेली. मग आलीच नाही.

मित्रांनो, मी ताडपत्रीची आहे. पाऊस, ऊन, ट्रकचा धूर, मला कशाचे काही वाटत नाही. पण त्या शांततेची मला भीती वाटली. चहूकडे पांढरे, खाली काळे आणि माझ्यावर एका माणसाचे धडधडणारे काळीज. टिल्लीने माझ्या पट्ट्यांत दोन्ही हात अडकवले, हनुवटी माझ्यावर टेकली आणि ती हजेरी घेऊ लागली. हो, हजेरी. त्या वर्षीच्या तिच्या वर्गातल्या मुलांची नावे, पहिल्यापासून. प्रत्येक नावानंतर ती थोडी थांबायची, मूल ‘हजर’ म्हणेल एवढा वेळ. नावे संपली की पुन्हा पहिल्यापासून.

पाणी समोरून येईल असे वाटले होते. ते मागून आले. आधी कागदाएवढे पातळ, फेसाची किनार असलेले. माझ्या तळाला ते लागले आणि मी शहारले. बघता बघता ते टिल्लीच्या कमरेशी आले. तिची हजेरी थांबली. ती आईला हाक मारू लागली.

आणि मग मी हलले. माझ्या आत कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेले होते आणि पाणी आत शिरत नव्हते, म्हणून मी पाण्यावर उचलली गेले. टिल्लीलाही वर ओढ बसली. पाण्याने तिच्या पायांभोवतीचा चिखल सैल केला होता. ती मला कवटाळून पालथी पडली आणि एक पाय हळूहळू हलवू लागली. तो सुटला. बूट आतच राहिला. दुसरा पाय सुटेपर्यंत दोनदा पाणी तिच्या तोंडावरून गेले. मग आम्ही दोघी तरंगू लागलो.

सुटका झाली असे वाटले? नाही. आता पाणी आम्हाला नेत होते, आणि किनाऱ्याकडे की समुद्राकडे, ते कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात ठण् ठण् असा आवाज ऐकू आला. कुणीतरी धातूवर धातू आपटत होते. मध्येच घोगऱ्या आवाजात एकच नाव येत होते, टिल्ले, टिल्ले.

टिल्लीने त्या आवाजाकडे पाय मारायला सुरुवात केली. धुक्यातून एक उंच शिडी दिसू लागली, तिच्यावर फळ्यांचे छोटे मचाण. अशाच फसलेल्या लोकांसाठी ते बांधलेले असावे. घारी शिडीच्या खालच्या पायरीवर छातीभर पाण्यात उभी होती आणि स्टीलची बाटली लोखंडी कठड्यावर आपटत होती. तिला किनारा सापडला नव्हता, हे मचाण सापडले होते. प्रवाह टिल्लीला शिडीच्या पुढे नेणार, तेवढ्यात घारीने एका हाताने शिडी धरून दुसऱ्याने माझा पट्टा पकडला. पट्ट्याची शिवण टरकली. अर्धी टरकली, अर्धी टिकली. त्या अर्ध्या शिवणीवर टिल्ली शिडीपर्यंत आली.

वर त्या दोघी एकमेकींना चिकटून बसल्या. फळ्यांच्या फटींतून खाली पाणी दिसत होते आणि ते चढतच होते. मचाणाच्या खांबांवर हिरवे शेवाळ कुठपर्यंत आहे ते घारीने वाकून पाहिले. शेवाळ फळ्यांच्या अगदी खालपर्यंत होते, म्हणजे भरतीचे पाणी तिथवर चढत असे. तिने टिल्लीला ते सांगितले नाही. पाणी फळ्यांना खालून थापा मारू लागले, तेव्हा टिल्लीने डोळे मिटले. घारीचे उघडेच होते.

पाणी तिथेच थांबले. बऱ्याच वेळाने इंजिनाचा आवाज आला. घरमालकिणीने दार वाजण्याची वाट पाहून शेवटी आपल्या भावाला होडी घेऊन पाठवले होते, आणि स्वतःही त्याच्याबरोबर आली होती. दोघींना होडीत घेतल्यावर तिने घारीच्या गालावर एक चापट दिली. मग दोघींना आपल्या शालीत ओढले आणि किनारा येईपर्यंत आपल्या भाषेत रागे भरत राहिली. त्या देशात आल्यापासून दोघींना पहिल्यांदाच समोरच्याचा शब्द न् शब्द समजला.

घरी यायच्या आधी विमानात घारी म्हणाली, उगाच सगळ्यांना घोर कशाला, आपण गमतीने सांगू. आणि तसेच सांगितले. घारीच्या घरी मंडळी जमली, घारीने चिखलात रुतलेल्या टिल्लीची नक्कल केली, सगळे पोट धरून हसले. टिल्लीही हसली. मग पाणी प्यायचे निमित्त करून ती आतल्या खोलीत आली. मी तिथे कोपऱ्यात न धुताच पडले होते, खारट चिखल घेऊन. म्हणूनच माझी चेन गंजली. टिल्ली जमिनीवर बसली, माझ्यावर तोंड दाबले आणि तिचे अंग हलू लागले. आवाज मात्र नाही.

घारीची आई पेले न्यायला आत आली. तिने ते पाहिले. पेले तसेच ठेवून ती टिल्लीच्या शेजारी खाली बसली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

"फार घाबरली होतीस का गं?"

टिल्लीने मान वर केली. "हो, काकू."

बाहेर हसणे थांबले होते. घारी दाराच्या चौकटीशी येऊन उभी होती. ती आत आली, आईच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि म्हणाली, "मी पण." मग तिने हिरव्या शेवाळाचे सांगितले, जे टिल्लीलाही ठाऊक नव्हते. त्या दिवशी कुणीच जेवायची घाई केली नाही.

मित्रांनो, पुढे घारीने मला टिल्लीला दिले आणि टिल्लीने मला तुमच्या वर्गात आणून टांगले. तेव्हाच मला धुऊन सावलीत वाळवले असते तर माझी चेन आज अडली नसती. आमच्यासारख्या वस्तूंची एवढी काळजी घ्याल तर आम्ही खूप वर्षे तुमच्या उपयोगी पडू. पण मी तर बोलूनचालून सॅक. तुमच्या बाकावर शेजारी कुणी बसते. एखाद्या दिवशी ते ‘मला भीती वाटते’ म्हणेल. तेव्हा हसायच्या आधी थोडे थांबा, त्याच्याकडे बघा, आणि कशाची वाटते ते विचारा.