मोहिनीला विहिरी दाखविल्या नाहीत

सुज्ञ वाचकहो, कुत्री चावलेल्या एका बालिकेस वाचविण्याकरिता तिच्या जन्मदात्याने स्वतःच्या थोरल्या चुलत्याची आज्ञा कशी मोडली, याचा वृत्तांत मी येथे सादर करीत आहे. तो जन्मदाता मीच होय.

धुळ्याजवळील फागणे गावी माझे व चुलते प्रेमराज आबांचे अंगण एकच आहे. आबांची कुत्री नुकतीच व्याली होती. माझी लहानगी कन्या मोहिनी पिल्लू उचलावयास गेली आणि कुत्रीने तिच्या पोटरीत दात रोवले. पिल्लांपाशी बसलेल्या वा खात असलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नये, हे आम्ही तिला कधी शिकविलेच नव्हते.

आमच्याकडील रीत अशी, की जखमेत तिखट भरावे, तिला पाणी लागू देऊ नये आणि मुलास सात विहिरींत डोकावयास लावावे. आबा मूठभर तिखट घेऊनच आले. मी मात्र मोहिनीस नळाखाली बसविले व साबण हाती घेतला.

"पानी नको लावू! जहेर चढी जाई!"

"चढत नही आबा, धोवाई जास."

"तू डाक्टर कवय व्हयना रे? बठ्ठा गाव येडा, अन् तू एकलाच शाना शे का?"

"सातवी नापास डाक्टर शे हाऊ!" शेजारच्या कुंदाबाई कुंपणावरून हसल्या.

आबांचा हात जखमेकडे आला, तो मी मनगटातच धरला. तिखट अंगणात सांडले. वडीलधाऱ्यांच्या अंगास मी असा हात कधी लावला नव्हता. माझी पत्नी ज्योती हिने लेकीस कवटाळले. लेकरू किंचाळत होते, तरी वाहत्या पाण्याखाली चांगला पाव तास मी जखम साबणाने धूत राहिलो. मग मोटारसायकलीवरून थेट धुळ्याचा सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी जखमेभोवती औषध टोचले, दंडात लस दिली आणि बजावले, "कुत्री घरची असो की रस्त्यावरची, सगळे डोस पूर्ण करा. हा रोग एकदा उमटला, की आमच्याही हाती काही उरत नाही."

पुढील डोसच्या सकाळी आबा गाडीपुढे उभे ठाकले.

"मनी कुत्री पिसायेल नही. तू पोरले सुया टोची टोची गावमा मनी इज्जत काढस. आज विहिरी दखाड, नही तर मना उंबरठा चढू नको!"

मोहिनी माझ्या पाठीस बिलगली.

"आबा, उंबरठा तुमना, पोर मनी. सरका."

ते सरकले नाहीत. मी त्यांना वळसा घालून गाडी काढली.

सर्व डोस यथाकाल झाले. मोहिनी धडधाकट आहे. विहीर तिला आम्ही एकही दाखविली नाही. आबांची कुत्रीही निरोगीच निघाली, म्हणून ते आजतागायत मला भित्रा म्हणतात. खुशाल म्हणोत. कुत्री पिसाळलेली नाही, हे आज सर्वांस ठाऊक आहे. त्या दिवशी ते कोणासही ठाऊक नव्हते, आणि पोर पणास लावून ते कळण्याची वाट मी पाहणार नव्हतो.

आपण आपला अमूल्य वेळ देऊन हे वाचलेत, त्याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे.

नथ्थू तोताराम माळी,
मु. फागणे