नळवाले तात्या

तात्या सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी पेनाशिवाय दुसरं हत्यार हातात धरलं नव्हतं. घरात खिळा ठोकायचा असला तरी सुतार यायचा आणि तात्या पाठीमागे हात बांधून त्याला "जरा डावीकडे घ्या" एवढं सांगायचे. बायको गेल्यावर ते एकटे पडले. एकुलता एक मुलगा बायको-मुलीला घेऊन परदेशी निघाला, तेव्हा त्याने वडिलांचेही कागद करून घेतले. त्या कागदांत कुठे काही खोट नव्हती. वाकडं झालं ते पुढे, घर भाड्याने घेताना, आणि ते केलं सुनेने.

नव्या देशात घर शोधणं म्हणजे काय, हे गेल्याशिवाय कळत नाही. घर मागायला गेलं की नोकरीचा पुरावा मागत, नोकरी मागायला गेलं की राहता पत्ता. वर आधीच्या घरमालकाची शिफारस हवी. यांचे आधीचे घरमालक म्हणजे तात्याच, आणि ते शेजारीच उभे असत. चौघं एका खोलीत राहत होती, स्वयंपाकघर दोन परक्या कुटुंबांबरोबर वाटून. सुनेला भाषा त्यातल्या त्यात बरी येत होती, म्हणून घराची सगळी बोलणी तिच्याकडे होती. ती मूळची फार्मासिस्ट. इथली परीक्षा पास होईपर्यंत औषधांच्या गोदामात खोकी भरत होती. नवरा माल पोचवायची गाडी चालवायचा आणि घरी आला की बसल्या जागी झोपायचा.

त्यांच्या ओळखीत एक गृहस्थ होते. सगळे त्यांना वकील म्हणत. वकिलीशी त्यांचा काही संबंध नव्हता, ते विमानाची तिकिटं काढून द्यायचे, पण सल्ला फुकट आणि भरपूर. ते म्हणाले, दोन खोल्यांच्या घराला चार माणसं सांगाल तर जन्मभर शोधत बसाल. तीन सांगा. म्हातारा माणूस काय, पाहुणा म्हणून खपून जातो. सुनेने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तू बघ काय ते." तिने तीन सांगितली आणि आठवड्याभरात तिसऱ्या मजल्यावरचं घर मिळालं. तात्यांना यातलं कुणी काही सांगितलं नाही. ते आपले खुशीत होते. खिडकीजवळची खाट त्यांना मिळाली होती.

भाड्याच्या घराची अधूनमधून तपासणी होते, हा तिथला रिवाज. घरमालकाच्या एजंटबाई येतात, भिंतींचे फोटो काढतात, ओल बघतात आणि जातात. तसा निरोप आला होता, पण त्यातला वार सुनेने पुढच्या आठवड्याचा समजला. एका सुट्टीच्या सकाळी, नवरा मुलीला घेऊन बाजारात गेला असताना, दार वाजलं आणि तिने उघडलं, तर समोर एजंटबाई.

तात्या तेव्हा स्वयंपाकघरात होते. अंगात बनियन, खाली जुना लेंगा. ओट्याचा नळ ठिबकत होता आणि त्या आवाजाने त्यांना झोप लागत नव्हती, म्हणून नळाच्या तोंडाला चिंधी बांधून ते खालचं कपाट उघडून आत वाकून बघत होते. एजंटबाई हसल्या आणि त्यांनी विचारलं, हे कोण?

सुनेने तात्यांकडे पाहिलं. पाहुणे म्हणायचं ठरलं होतं. पण पाहुणा बनियनवर कपाटात डोकं घालून बसत नाही.

"प्लंबर," ती म्हणाली.

सगळं बोलणं परक्या भाषेत चाललं होतं. पण हा एक शब्द तात्यांना येत होता. तो सगळीकडे सारखाच. त्यांनी कपाटातून डोकं बाहेर काढून सुनेकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा आत घातलं. प्लंबर म्हटलंय म्हणजे काहीतरी करायला हवं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी हाताला लागलं ते फिरवलं. सांधा निखळला आणि पाण्याचा लोट बाहेर आला. एजंटबाईंचे बूट भिजले.

बाईंनी स्वतःच धावत जाऊन मुख्य तोटी बंद केली आणि मग तात्यांना झापलं. ज्यांच्या केबिनमध्ये शिरताना लोक आपणहून आवाज खाली आणायचे, ते तात्या ओल्या लेंग्याने खाली मान घालून ऐकत होते. बाई सुनेकडे वळून म्हणाल्या, असला माणूस कुठून पैदा केलात? याला पुन्हा बोलावू नका, आम्ही आमचा पाठवू.

आणि सून हसली. बाईंबरोबर, बाईंच्या इतकीच हसली.

खोटं एक वेळ जिभेवरून घसरलं म्हणता येतं. हसू कुठून घसरलं, याचं उत्तर तिला पुढे कधीच सापडलं नाही.

प्लंबरचं काम झालं म्हणजे तो जातो. तात्याही गेले. शर्ट आतल्या खोलीत होता, तो घ्यायला गेले असते तर सगळंच उघडं पडलं असतं. तसेच बनियनवर ते जिना उतरले. बाई खोल्यांचे फोटो काढत होत्या, तेवढ्यात सुनेने खिडकीतून पाहिलं. बाहेर बोचरी थंडी होती. तात्या कचऱ्याच्या पेट्यांच्या आडोशाला दोन्ही हात काखेत घालून उभे होते.

बाई गेल्यावर ते वर आले. ती "तात्या, अहो..." म्हणून पुढे झाली, तर ते म्हणाले, "आधी ते पाणी पूस. पाय घसरेल कुणाचा तरी."

रात्री जेवताना त्यांनी मुलाला काही सांगितलं नाही. तिनेही नाही. पण त्या दिवसापासून तात्या बदलले. बाहेरचे बूट ते पिशवीत घालून खाटेखाली ठेवू लागले. खोकला आला की तोंडावर टॉवेल धरत. लिफ्टमध्ये कुणी भेटेल म्हणून गुडघे दुखत असतानाही जिन्याने जात. मुलाच्या घरात ते चोरासारखे राहू लागले. नवरा एकदा म्हणाला, तात्या हल्ली गप्प गप्प असतात. ती म्हणाली, करमत नसेल. तिला सगळं दिसत होतं. तिने त्यांना थांबवलं नाही, कारण ते सोयीचं होतं.

याहून वाईट म्हणजे तिने आपल्या मुलीला, चिमीला, त्यात ओढलं. चिमी सहा वर्षांची, बोलकी, जिन्यात भेटेल त्याला घरचं सगळं सांगणारी. तिला आईने शिकवलं की हा एक खेळ आहे, बाहेर कुणी विचारलं तर आजोबांना आजोबा म्हणायचं नाही, नळवाले काका म्हणायचं. चिमीने विचारलं, खेळ कधी संपणार? आई म्हणाली, मी सांगेन तेव्हा.

मग एक दिवस गोदामात काम वाढलं. नवरा शहराबाहेर होता. चिमीला शाळेतून आणायला कुणी नव्हतं, म्हणून सुनेने तात्यांना फोन केला. तात्या हरखले. इस्त्रीचा शर्ट, कोट, पॉलिश केलेले बूट असा थाट करून ते वेळेआधी शाळेच्या दारात जाऊन उभे राहिले. शिक्षिकेने नवा चेहरा पाहून चिमीला विचारलं, हे कोण?

चिमी शहाणी मुलगी होती. शिकवलं होतं तसं तिने सांगितलं.

प्लंबरच्या हाती कुठली शाळा मूल देईल? तात्या तुटक्यामुटक्या शब्दांत आजोबा, आजोबा म्हणत राहिले. ते जितकं म्हणत, तितकी चिमी घाबरून नाही नाही म्हणून मान हलवी. इतर पालक आपापल्या मुलांना जवळ ओढून बघत होते. शेवटी शिक्षिकेने दोघांना ऑफिसात नेलं आणि आईला फोन केला.

सून धापा टाकत पोचली तेव्हा तात्या मुलांच्या बुटक्या बाकावर बसले होते. गुडघे छातीपर्यंत आलेले, हातात कोटाची सुटलेली गुंडी. दारात शाळेचा रखवालदार उभा होता. चिमी समोरच्या कोपऱ्यात शिक्षिकेचा हात धरून हुंदके देत होती. आईला बघताच तिने विचारलं, "आई, आता सांगू का?"

त्या खोलीत हे वाक्य दोघांनाच कळलं. तात्यांनी मान फिरवली.

सुनेच्या कानशिलांत आग झाली. ती म्हणाली, हे माझे सासरे आहेत. मुलीला खोटं बोलायला मी शिकवलं. शिक्षिकेने का म्हणून विचारलं, तेव्हा तिला घराचं सगळं सांगावं लागलं. शिक्षिका रागावली नाही. तिने फक्त तात्यांना बसायला मोठी खुर्ची आणून दिली. तात्यांनी उठून हात जोडले आणि ते उभेच राहिले.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला तात्यांच्या देखतच सगळं सांगितलं, हसण्यासकट. नवऱ्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, करारात तीनच माणसं आहेत हे मलाही ठाऊक होतं, मग तात्यांचं काय, हे मी विचारलं नाही. तात्यांनी दोघांचं ऐकून घेतलं.

"प्लंबर म्हणालीस, त्याचं काही नाही," ते सुनेला म्हणाले. "घाबरलं की माणूस काहीही बोलतं. बँकेत मी भल्याभल्यांना पाहिलंय. पण तू हसलीस."

ती म्हणाली, "चुकलं माझं, तात्या."

"चुकलंच. मी रागावलोय. राग जाईल, पण आज जाणार नाही. उगाच पाया वगैरे पडू नकोस."

दुसऱ्या दिवशी ती एजंटबाईंच्या ऑफिसात गेली आणि तो प्लंबर म्हणजे आपले सासरे, हे तिने सांगितलं. बाईंना आठवायला जरा वेळ लागला आणि आठवल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, दोन खोल्यांत चार माणसं चालतात. सासऱ्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि एक सही, एवढंच लागलं असतं. तुम्ही विचारलं का नाही?

खरंच, विचारलं का नाही? विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. वकिलांचा शब्द तिने वेदवाक्य मानला होता. एजंटबाई पुढे हळू आवाजात म्हणाल्या, माझ्यामुळे तो माणूस तसाच थंडीत बाहेर गेला, मला सांगायचं तरी होतं.

खोटं सांगितल्याचं बाईंना घरमालकाला कळवावं लागलं. त्याने घर खाली करायला लावलं नाही, पण मुदत संपल्यावर करार वाढवायला नकार दिला. वकिलांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, सांगायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? नवऱ्याने त्यांना पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं आणि त्यांचं येणंजाणं तुटलं.

नवं घर गावाबाहेर मिळालं, तळमजल्याचं, जरा अंधारं. तिथून गोदाम लांब पडायचं, सुनेला दोन बस बदलाव्या लागत. या वेळी करारावर चौघांची नावं लागली आणि तात्यांनी बँकेतली ती लांबलचक सही ठोकली. हळूहळू ते मोकळे झाले. बागेत जाऊन त्यांनी दोन म्हातारे मित्र जोडले, भाषेवाचून. सुनेशी बोलणं सुरू झालं, पण पूर्वीसारखं नाही. पूर्वी चहा हवा असला की हक्काने हाक मारायचे, आता उठून स्वतः करून घेत आणि तिलाही विचारत. त्या विचारण्याने तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

चिमीला शाळेतून आणायचं काम आता त्यांचंच. कधी सुट्टी असली की सूनही बरोबर जाते. दारात कुणी नवी शिक्षिका, एखादी आई विचारते, हे कोण? सून सांगते, माझे सासरे. जरुरीपेक्षा थोडं मोठ्याने सांगते आणि सांगताना तिचा चेहरा तापतो. तात्या तेवढ्यापुरते रस्त्याकडे बघत उभे राहतात.