विहिरीतली सासू

"सही मिळणार नाही. आधीच सांगते," दार अर्धवट उघडून बाई म्हणाल्या. "मागे एक गृहस्थ आले, बाबांच्या सह्या घेऊन गेले आणि आठवड्यात सगळी मासिकं विकून मोकळे झाले. तेव्हापासून सह्या बंद."

लिफ्टवाल्याने पिशवी छातीशी घट्ट धरली. आज त्याने खास कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, वाटेत काय काय बोलायचं ते घोकलंही होतं. आता ऐन वेळी सगळं विसरला. शेवटी त्याची बायकोच पुढे झाली.

"सही राहू द्या हो ताई. पण नुसतं भेटू तरी द्या यांना. नाहीतर जन्मभर मला ऐकावं लागेल."

तिला सगळे सिस्टर म्हणत. बाळंतपणाच्या इस्पितळात तिची हयात गेली होती. तिचा आवाज असा, की वॉर्डाच्या या टोकाला तिने "कळ दे!" म्हटलं, की त्या टोकाची बाळंत व्हायची. दारातल्या बाईंनी, म्हणजे चित्रकाराच्या मुलीने, नकळत दार पूर्ण उघडलं.

लिफ्टवाला लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून लिफ्टवाला. घरी मात्र त्याचा सगळा जीव 'मागचं दार' नावाच्या भुताखेतांच्या चित्रकथांच्या जुन्या मासिकात अडकलेला. मासिक बंद पडून जमाना लोटला, तरी हा रद्दीची दुकानं पालथी घालून एकेक अंक जमवायचा. कपाटात स्वेटर ठेवायला जागा नाही, पण भुतं प्लास्टिकच्या पिशव्यांत, डांबराच्या गोळ्यांसकट सुखात. सिस्टर म्हणायची, "माझ्या घरात माझ्यापेक्षा हडळींची बडदास्त जास्त!" काही अंकांवर लेखकांच्या सह्याही त्याने मिळवल्या होत्या. पण ती सगळी भुतं काढणारा चित्रकार कुठे गेला, ते याला कुणी सांगू शकलं नव्हतं. परवा एका छापखान्याची लिफ्ट दुरुस्त करताना तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने सहज पत्ता सांगितला, आणि याची झोप उडाली.

चित्रकार खिडकीशी खुर्चीत बसले होते. डोळे गेले होते. उजेड आणि सावली, एवढंच कळायचं.

"कोण आलंय?"

"तुमचा वाचक आहे साहेब," लिफ्टवाला म्हणाला. "लहानपणापासूनचा."

"अरेरे! म्हणजे तुमच्या आईने मला बरेच तळतळाट दिले असणार."

"दिले ना! पण साहेब, मी अंधाराला फार भ्यायचो. मोठा भाऊ दिवा घालवून पळायचा आणि मी रडायचो. मग तुमचे अंक वाचले. तुमच्या प्रत्येक भुताचं काही ना काही दुखत असायचं. म्हटलं, ही तर आपल्यासारखीच! भीती गेली. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला बाकीचे कारागीर कुरकुरतात. मी शीळ घालत उतरतो."

चित्रकारांची बोटं खुर्चीच्या हातावर हळूहळू फिरू लागली.

"आणलाय का एखादा अंक?" त्यांनी विचारलं. "या घरात एकही नाही उरला. पूर आला तेव्हा माळ्यावरचेसुद्धा गेले."

लिफ्टवाल्याने पिशवीतून पहिला अंक काढला. "'विहिरीतली सासू' आहे यात. पण साहेब, शेवटचं पान नाही. मिळाला तेव्हाच नव्हतं. आजवर पुरा अंक कुठे सापडलाच नाही. शेवट काय होतो, ते तुम्हीच सांगा."

"मला कुठे आठवतंय आता? वाचा बरं, बघू."

लिफ्टवाला वाचू लागला. एकेक चौकट वर्णन करून सांगत होता: विहीर, वर वाकलेली सून, पाण्यात पांढरे केस. चित्रकार मान डोलावत होते. "चंद्र डावीकडे ना? त्या चंद्राने मला फार छळलं." पण सासूचे संवाद आले, की लिफ्टवाला बातम्या दिल्यासारखा वाचायचा.

सिस्टरला राहवेना. "अहो, ती भूत आहे का वीजबिलवाली? आणा इकडे."

तिने चष्मा लावला, घसा खाकरला आणि खोल विहिरीतून यावा तसा आवाज काढला. "सूऽऽनबाई... दोर सोऽऽड गं..."

लिफ्टवाल्याच्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं संसार केला, हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. चित्रकार टाळ्या पिटत हसले. "वा, बाई! अशीच होती ती! अगदी अशीच!"

सिस्टरला चेव चढला. सासू कण्हली, धमक्या देऊ लागली, मधेच लाडात आली. शेवटी सूनबाईने दोर सोडला, ओढायला लागली, आणि पानं संपली.

"झालं?" चित्रकार पुढे झुकले. "मग काय होतं? अरे, माझीच गोष्ट आणि मलाच आठवू नये?"

सिस्टरने अंक उलटसुलट करून पाहिला.

"सून दोर ओढते," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. चित्रकाराची मुलगी चहाचा ट्रे घेऊन तिथेच थबकली होती. "ओढते, ओढते. वर येते ती नुसती रिकामी कळशी. आणि मागून कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवतं. म्हणतं, 'मी केव्हाच वर आलेय गं. चल, भूक लागलीय.'"

"बाई गं!" सिस्टरने छातीवर हात ठेवला.

"तुला कसं माहीत?" चित्रकारांनी विचारलं. "तुला तर माझी भुतं आवडायची नाहीत."

"शाळेत पोरं मला भूतबाबाची पोर म्हणायची. आवडतील कशी?" तिने ट्रे टेबलावर टेकवला. "पण तुम्ही चित्र काढताना पुटपुटत बसायचा ना. मी टेबलाखाली असायचे. घाबरायचे, आणि तिथून हलायचेही नाही."

चित्रकारांनी आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. तिने तो धरला. मग काहीशी चिडल्यासारखी लिफ्टवाल्याला म्हणाली, "पेन आहे ना?"

"ताई, तुम्ही म्हणाला होतात..."

"म्हणाले होते. विकणार आहात?"

"हे?" सिस्टर म्हणाली. "हे एक वेळ मला विकतील!"

मुलीने अंक टेबलावर ठेवला, वडिलांच्या हातात पेन दिलं आणि हात मुखपृष्ठाच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवला. चित्रकार ताठ बसले. पहिलं अक्षर जरा थरथरलं, दुसरं बरं आलं, आणि मग जुन्या सवयीने त्यांनी शेवटच्या अक्षराला लांबलचक शेपूट काढलं. ते कागदावरून उतरलं आणि टेबलाच्या लाकडावर थेट कपापर्यंत गेलं.

"नीट आली का?" त्यांनी विचारलं.

"झकास आली साहेब," लिफ्टवाला म्हणाला.

पाहुणे गेले. मुलगी ओलं फडकं घेऊन टेबल पुसायला आली. चहाचे डाग पुसले, बिस्किटांचा चुरा झाडला. त्या काळ्या शेपटापाशी आल्यावर तिचा हात थांबला, आणि मग ती त्याच्या कडेकडेने पुसत गेली.