पहिल्या निवडीचा मुलगा

"मिसेस टी, आज वार कोणता?"

ग्लेनिस ट्रेम्बाथने टोस्टवरून मान वर केली. डार्सी ओट्याला टेकून उभा होता, पायांत मोजे, केस ओले. हाच प्रश्न त्याने अंघोळीला जाण्याआधी विचारला होता आणि त्याहीआधी, झोपेतून उठून आल्याआल्या.

"मंगळवार," ती म्हणाली. "किती वेळा सांगू, बाळा?"

"पहिल्यांदाच विचारतोय की!" तो हसला. तोच तो गव्हाच्या शेतात वाढलेल्या पोराचा मोकळा चेहरा, जो नोव्हेंबरात सगळ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला होता. थोड्या वेळाने मागच्या मोरीतून ओकारीचा आवाज आला, मग बराच वेळ नळाचा. बाहेर येऊन तो म्हणाला की बूट धुत होतो. बूट कोरडे ठणठणीत होते.

पोर्ट वॉरेनच्या गॅनेट्स फुटबॉल क्लबने निवडलेली नवी पोरं ग्लेनिसकडे राहायची. अठराव्या वर्षी घरापासून शेकडो मैल लांब आलेल्या मुलाला स्वतःचं घर देऊन चालत नाही. कुणीतरी वेळेवर जेवू घालावं लागतं, ओला टॉवेल पलंगावर टाकला तर ओरडावं लागतं. नवरा गेल्यावर तिने हे काम हौसेने पत्करलं होतं. पण गॅनेट्सचं नशीबच फुटकं. गुणतक्त्यात तळाला राहिलेल्या क्लबला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सगळ्यांच्या आधी मुलगा निवडता येतो आणि गॅनेट्स दरवर्षी तळालाच. त्यामुळे देशातला सगळ्यात गुणी पोरगा दरवर्षी त्यांच्याच पदरात पडायचा आणि दरवर्षी त्याची माती व्हायची. एकाचा गुडघा दोनदा गेला. पर्थहून आलेला टेरन घरच्या आठवणीने रोज रडायचा. ग्लेनिसने काळजीपोटी क्लबला कळवलं, क्लबमधून ते पेपरात फुटलं आणि स्टँडमधले लोक त्याला लहान मुलाच्या दुधाच्या बाटल्या दाखवायला लागले. तो न सांगता विमानात बसला. तिसऱ्याने जेवणच सोडलं.

तिघेही ग्लेनिसच्या घरातले. खाटकाच्या दुकानात नॉर्म तिला सगळ्यांदेखत म्हणायचा, "ग्लेनिस, चॉप्समध्ये घालतेस तरी काय? चांगला घोडा तुझ्या दारात येतो आणि गाढव होऊन बाहेर पडतो!" लोक हसायचे, तीही हसायची. घरी आल्यावर मात्र रिकाम्या खोलीकडे बघताना तिला वाटायचं, खरंच का या घराचा पायगुण वाईट आहे?

आणि आता डार्सी नोस्के. तीन आठवड्यांपूर्वी सरावाच्या सामन्यात एकाचं ढोपर त्याच्या डोक्यात बसलं होतं. तो लगेच उठला, प्रेक्षकांकडे बघून हात हलवला. क्लबच्या डॉक्टरांनी सगळ्या चाचण्या केल्या, सगळ्या उत्तम. शनिवारी त्याचा पहिला खरा सामना होता. स्टेडियमची तिकिटं संपली होती.

बुधवारी ग्लेनिसने व्हिन्स काताल्दोला फोन लावला. क्लबसाठी मुलं हेरायचं काम व्हिन्सचं. डार्सीला त्यानेच शोधला होता, धुळीने भरलेल्या कुठल्याशा गावच्या मैदानावर.

"ओकतो म्हणजे? पहिल्या सामन्याआधी सगळेच ओकतात," व्हिन्स म्हणाला. "मी स्वतः बादली घेऊन बसलो होतो."

"वार विसरतो, व्हिन्स."

"माझा पोरगा माझा वाढदिवस विसरतो. अठरा वर्षांचे आहेत ते!" मग त्याचा आवाज खाली आला. "काल डॉक्टरांनी पुन्हा तपासलंय त्याला. दहा शब्द सांगितले, दहाही परत म्हणून दाखवले. हे बघ ग्लेनिस, टेरनच्या वेळी काय झालं ते तुला माहीतच आहे. तू आत्ता तक्रार केलीस तर संध्याकाळपर्यंत रेडिओवर येईल. गॅनेट्सचा चौथाही नासका. त्या पोराच्या कपाळावर तो शिक्का आयुष्यभर राहील. शनिवार जाऊ दे. रविवारी मी स्वतः त्याला घेऊन जातो, पाहिजे तिथे."

व्हिन्स काही वाईट माणूस नव्हता. त्याच्या आवाजातही तिला भीती ऐकू आली, नोकरीची, डार्सीच्या भविष्याची, की दोन्हींची, कोण जाणे. तिने फोन ठेवला आणि कुणालाच काही कळवलं नाही. टेरनचा तो रडवेला चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

त्या दिवसापासून ती डार्सीवर नजर ठेवू लागली. तो डाव्या हाताने कप उचलायचा आणि चहा सांडायचा. बोलता बोलता मध्येच थांबायचा, जणू कुणी टीव्ही बंद केला. कधी जिन्यावर त्याची पावलं मध्येच थांबायची. ग्लेनिस हातातलं काम टाकून ऐकत राहायची, पुढचं पाऊल वाजेपर्यंत.

"दहा शब्द कसे रे लक्षात ठेवलेस?" तिने गुरुवारी सहज विचारल्यासारखं केलं.

"दरवेळी तेच असतात," तो म्हणाला आणि एकदम ओशाळला. "म्हणजे... जवळजवळ तेच. मिसेस टी, तुम्ही माझ्याकडे असं बघू नका हो. मेलेल्या मेंढीकडे बघतात तसं."

शुक्रवारी त्याची आई हायडी सामन्यासाठी मुक्कामाला आली. उंच, उन्हाने रापलेली बाई. ग्लेनिसने कोकराची तंगडी भाजली, डार्सीने दोनदा वाढून घेतलं आणि लवकर झोपायला गेला. हायडीला सांगावं असं ग्लेनिसच्या ओठांवर अनेकदा आलं. पण ती बाई गळ्यातला गॅनेट्सचा नवा कोरा मफलर जेवतानाही काढायला तयार नव्हती. "त्याचा बाप असता आज, तर अभिमानाने छाती फुगली असती," ती म्हणाली. ग्लेनिसने ताटं उचलली.

शनिवारी सकाळी हायडीला व्हिन्स गाडीतून पुढे घेऊन गेला, खेळाडूंच्या घरच्यांसाठी नाश्ता होता. डार्सी मागून निघणार होता. दारात त्याने आपल्या गाडीची किल्ली ग्लेनिसच्या हातात ठेवली.

"तुम्हीच चालवा."

ती लाडकी पांढरी गाडी तो कुणाला हातसुद्धा लावू द्यायचा नाही. ग्लेनिसने किल्ली घेतली.

रस्त्यावर जिकडेतिकडे निळेपांढरे झेंडे. बापाच्या खांद्यावर बसलेल्या एका पोरीने गाडी ओळखली आणि किंचाळली. डार्सीने हात केला नाही. तो मांडीवरच्या पिशवीकडे बघत होता.

"आईला शोधशील ना रे स्टँडमध्ये?" ग्लेनिस म्हणाली, काहीतरी बोलायचं म्हणून.

"आई नाही येत. पेरणीची तयारी चाललीय ना. जमणार नाही म्हणाली."

कालची तंगडी, कालची बटाट्यांची ताटली, आईने निघताना त्याच्या गालाला लावलेला हात, एका तासापूर्वीचा. यातलं काहीही या मुलाच्या डोक्यात उरलं नव्हतं.

पुढच्या चौकातून सरळ गेलं की स्टेडियम. ग्लेनिसने गाडी डावीकडे वळवली, हॉस्पिटलच्या रस्त्याला.

"मिसेस टी, ग्राउंड तिकडे."

"माहीत आहे."

"कुठे चाललोय आपण?" त्याने वळून मागे पाहिलं आणि त्याचा आवाज चढला. "गाडी थांबवा! थांबवा म्हणतो ना! डोकं फिरलंय का तुमचं?" सिग्नलला त्याने दाराचा खटका ओढला. ग्लेनिसने त्याचं मनगट पकडलं. तो सहा फुटी पोरगा, एका हिसक्यात तिला फेकून देऊ शकला असता. पण त्याच्या हातात जोरच नव्हता. तेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

मग तो खाली बघत हळूच म्हणाला, "डावीकडचं नीट दिसत नाहीये मला. चार दिवस झाले. कुणाला सांगू नका ना. आजच्या दिवस. प्लीज."

सिग्नल हिरवा झाला. तिने गाडी पुढे काढली. तोंड उघडलं असतं तर ती रडली असती आणि रडताना तिला गाडी चालवता आली नसती.

हॉस्पिटलच्या दारात तो स्वतःच्या पायांनी उतरला आणि चार पावलांवर गुडघ्यांत वाकला. पुढचं सगळं धावपळीत झालं. स्कॅन काढणारी डॉक्टर पोरसवदाच होती, पण तिने एकही शब्द वाया घालवला नाही. "कवटीच्या आत रक्त साचतंय. कित्येक दिवसांपासून, थोडं थोडं. लगेच ऑपरेशन करावं लागेल." आणि मग, "आज खेळणार होता म्हणता? आणखी एक धक्का बसला असता तर तो मैदानावरून उठला नसता."

फोन मिळताच हायडी धावत आली तेव्हा मफलर एका खांद्यावर लोंबत होता. मागे व्हिन्स होता, भिंतीला धरून. हायडीने सगळं ऐकून घेतलं. ग्लेनिसला वाटलं, आता ती मला मिठी मारेल. पण हायडीने विचारलं, "तुला कधीपासून शंका होती?"

"मंगळवारपासून."

"काल मी तुझ्या टेबलाशी बसून जेवले."

"हो."

हायडी दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. तिघेही तीन बाकांवर बसून राहिले. कोपऱ्यातल्या टीव्हीवर सामना चालू होता. तो बंद करायला कुणी उठलं नाही.

डार्सी वाचला. डाव्या हातात पुष्कळसा जोर परत आला, फुटबॉल मात्र गेला तो गेलाच. हायडी त्याला विमेरा भागातल्या शेतावर घरी घेऊन गेली. व्हिन्सने हंगाम संपायच्या आधीच राजीनामा दिला. नॉर्मने खाटकाच्या दुकानात थट्टा करणं सोडलं. ते ग्लेनिसला जास्तच लागलं.

नोव्हेंबरात पुन्हा ड्राफ्ट झाला. पुन्हा पहिली निवड गॅनेट्सची. ग्लेनिसने टीव्ही लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"आई म्हणाली कर, म्हणून करतोय," डार्सी म्हणाला. मागे ट्रॅक्टरची घरघर होती.

"बरं केलंस. कसा आहेस?"

"एक सामना तरी मिळाला असता मला." तो एकदम म्हणाला, जणू महिनोन्महिने तोंडात धरून ठेवलेलं. "एकच. तुम्ही तोही नाही मिळू दिलात."

"नाही दिला."

त्याने फोन ठेवला नाही, तिनेही नाही.

"नवा मुलगा तुमच्याकडेच येणार?" अखेर त्याने विचारलं.

"विचारलंय त्यांनी. मी अजून हो म्हटलेलं नाही."

"का?"

"भीती वाटते, डार्सी."

लांबून कुणीतरी त्याला हाक मारली. "आलो!" तो ओरडला आणि मग फोनमध्ये घाईघाईने म्हणाला, "टास्मानियाचा आहे तो. काल टीव्हीवर पाहिला. हसत होता, पण हात थरथरत होते त्याचे."

ग्लेनिसने फोन ठेवला. मग तिने क्लबचा नंबर लावला आणि सांगितलं की मुलगा येऊ दे, पण त्याच्या आईचा फोन नंबर मला आधी हवा, क्लबमार्फत नाही, थेट.