त्यांच्या नावाची मूठ

श्रावणात घरात बसणाऱ्या कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, आमच्याकडे घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. मेलेल्याची मूठ घेत नाहीत. यंदा माझ्या नवऱ्याची घ्यायची नाही, असं थोरल्या दिरांनी, रुपचंदभाऊंनी ठरवलं. माझा नवरा काही मेला नव्हता. गोठ्यालगतच्या खोलीत बसून भिंतीशी बोलायचा, एवढाच त्याचा गुन्हा. सोमवारी कानबाईचं नदीवर विसर्जन झालं की त्याला दूरच्या एका देवस्थानावर नेऊन सोडायचं होतं. तिथं अशा माणसांना खांबाला बांधतात. मूठ वगळली की भाऊबंद मोकळे. मग कुणी चौकशीही करायची नाही.

आमच्या सोनगीरच्या शाळेत त्या वर्षी धुळ्याच्या कुंदाबाई शिकवायला आल्या होत्या. त्यांनी आठवीच्या वर्गात शिकवलं की डोकं बिघडणं हा हिवतापासारखाच एक आजार आहे, त्याला डॉक्टर आहे, गोळ्या आहेत. आणि अशा माणसाला दगड मारणाऱ्यांनी लाज बाळगावी. माझी मंजुळा धावतच घरी आली.

"माय, आबाले भूतबीत काही लागेल नही शे. आजार शे!"

अंगारे-धुपारे करून माझ्या वहाणा झिजल्या होत्या, आणि एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगू नये? साऱ्या गावाचा राग आला मला. तशीच उठून कुंदाबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "धुळ्याला घेऊन या त्यांना. मी स्वतः सोबत येते." पण आमच्यात दिरांच्या होकाराशिवाय सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही. रुपचंदभाऊंना विचारलं, तर ते म्हणाले, दवाखान्यात नेलं की सगळ्या तालुक्याला कळेल, मग आमच्या पोरी कोण करून घेईल? जसं काही गावाला माहीतच नव्हतं!

मूठ घ्यायच्या दिवशी रुपचंदभाऊ अंघोळ करून पाटावर बसले. सुपडू, लीलाधर, छगन... एकेका नावानं गहू परातीत पडत होते. मी दाराशी उभी. नवऱ्याचं नाव घ्यायची मला चोरी. ते वगळून भाऊ पुढच्या नावावर गेले, तेवढ्यात मंजुळानं पोत्यात हात घातला.

"झुलाल!" ती ओरडली आणि मूठभर गहू परातीत टाकले.

गव्हात गहू मिसळले की निवडता येत नाहीत, आता आबांना कोण वगळणार, असं त्या भोळ्या पोरीला वाटलं. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

"कोणी शिकाडं तुले हाई?" भाऊंनी दरडावलं.

"बाईंनी सांगं, आबा आजारी शे."

"मंग धाड त्याले तुनी बाईना घर!"

त्यांनी सगळी परात बैलांपुढे ओतली, हात धुतले आणि पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली. मंजुळा हुंदके देऊ लागली. तिचं रडणं ऐकून असेल किंवा स्वतःचं नाव ऐकून असेल, हे खोलीतून बाहेर आले. कित्येक दिवसांत ते माणसाशी एक शब्दही बोलले नव्हते. सरळ सासूबाईंसमोर जाऊन बसले.

"माय, मी जित्ता शे ना?"

सासूबाईंनी पदर तोंडात धरला. मुलासाठी त्यांचा जीव तुटत होता, मला दिसत होतं. पण थोरल्यापुढे तोंड उघडायची हिंमत त्यांच्यात कधीच नव्हती. मग ह्यांनी भावाकडे पाहिलं. भाऊंच्या मुठीतून थोडे गहू सांडले. तरी त्यांनी पुढचंच नाव घेतलं.

त्या क्षणी त्या घराची भीती माझ्या मनातून गेली. रोट त्यांचे त्यांना लखलाभ! दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी ह्यांना आणि मंजुळाला घेऊन निघाले. रात्रीच निरोप धाडला होता, फाट्यावर कुंदाबाई उभ्या होत्या. घरातून कुणी आडवं आलं नाही, आणि कुणी "जपून जा" असंही म्हणालं नाही.

गाडीत हे मला तेच विचारत राहिले. मी दर वेळी म्हणाले, "हो, जित्ता शेत तुम्ही." मंजुळानं सांगितलं, कुंदाबाईंनी हात धरून सांगितलं. पण त्यांना ते आमच्याकडून ऐकायचंच नव्हतं. धुळं येईपर्यंत मान वळवून ते मागे सोनगीरकडे बघत होते.