लेबल नसलेली बाटली

मी तापट आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. नवरा निमिष हवाई दलात. चंदीगडला आमची तीन वर्षांची पोस्टिंग आणि त्यातला निम्मा काळ तो दुसरीकडेच. मी इंडस्ट्रियल एरियातल्या सिरपच्या एका कारखान्यात औषधांचा दर्जा तपासते. माझी पाच महिन्यांची लेक ईश्वरी घरी सासूबाईंजवळ असते. तिला डब्याचं दूध चालत नाही. दोनदा देऊन पाहिलं, दोन्ही वेळा अंगभर गांधी उठल्या आणि श्वास लागला. म्हणून रजा संपल्यावर माझ्यापुढे एकच रस्ता होता. कामावर दिवसातून दोनदा दूध काढायचं, थंड ठेवायचं, संध्याकाळी घरी न्यायचं.

परत रुजू झाल्या दिवशीच मी मॅनेजर आहलुवालियांकडे दूध काढायला जागा मागितली.

“मॅडम, लेडीज टॉयलेट है ना,” ते म्हणाले.

“आप वहाँ खाना खाते हैं?” मी विचारलं. त्यांनी फाईल उघडली ती मी जाईपर्यंत मिटली नाही.

मग मी माझी जागा मीच शोधली. मागच्या बाजूला राखीव नमुन्यांची खोली आहे. आम्ही बनवलेल्या प्रत्येक औषधाच्या दोन-चार बाटल्या तिथे ठेवलेल्या असतात, उद्या तक्रार आली तर तपासायला. खिडकी नाही, पण सिंक आहे, फ्रिज आहे, आतून कडी आहे आणि किल्ली माझ्याकडे. औषधांच्या फ्रिजमध्ये दूध ठेवणं नियमात बसत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी इतकी चिडले होते की नियम गेले खड्ड्यात. दूध काढलं आणि बाटलीवर सवयीनं लेबल चिकटवलं. नाव, तारीख, वेळ.

चौथ्या दिवशी मी दूध काढायचा पंप बंद केला, पण आवाज थांबला नाही. मागच्या रॅकआडून येत होता. काचेत बारीक धार पडावी तसा, थांबून थांबून. मी उठून पाहिलं. रॅकमागे भिंत होती आणि एक धुळकट स्टूल. स्टुलावर बसण्याइतकी जागा मात्र धुळीवाचून स्वच्छ होती. मी हात लावला तर ती उबदार लागली.

घाबरले, खोटं कशाला बोलू? पण घाबरून दूध कुठे काढणार होते? दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

फ्रिज उघडला तर माझ्या सकाळच्या बाटलीला खेटून दुसरी बाटली उभी होती. आमच्याच सिरपची, तपकिरी काचेची. आत दूध. लेबल नाही. फ्रिजमध्ये असूनही ती कोमट होती, नुकत्याच निजलेल्या बाळाच्या कपाळासारखी.

आणि मग मी तेच केलं जे आठ वर्षं करत आले आहे. आमच्या कामात बिनलेबलाची बाटली दिसली की ती टाकायची, हात विचारायला थांबत नाही. मी ती सिंकमध्ये ओतली. शेवटचा थेंब गेला तसा रॅकमागून कुणीतरी श्वास आत ओढला. रडू फुटण्याआधी ओढतात तसा.

दुसऱ्या दिवशी पंपात एक थेंबही आला नाही. घरी ईश्वरी चोखून चोखून थकली आणि रडायला लागली.

“अगं, आटलं की काय तुझं?” सासूबाईंनी आळिवाची खीर केली, शतावरी आणली, दृष्टही काढली. काही उपयोग झाला नाही. घरच्या फ्रीझरमध्ये माझ्या दुधाच्या दोनच बाटल्या उरल्या होत्या. त्या संपल्यावर माझ्या लेकीला काय द्यायचं, हे डॉक्टरांनाही चटकन सांगता येईना.

पॅकिंगमध्ये परमिंदर आंटी वीस वर्षं आहेत. त्यांना सांगितलं तेव्हा त्या हातातलं काम सोडून खालीच बसल्या.

“बेटा, वहाँ सिमरजोत बैठती थी.”

अकरा वर्षांपूर्वीची पॅकिंगमधली मुलगी. तिची लेक तीन महिन्यांची होती. सिमरजोत चोरून त्या खोलीत दूध काढायची आणि रिकाम्या सिरपच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये लपवायची. तपासणीच्या आदल्या दिवशी बिनलेबलाची बाटली सापडली. तेव्हा सुपरवायझर असलेल्या आहलुवालियांनी ती ओतली आणि तिला कामावरून काढलं. त्याच थंडीत बाळ न्यूमोनियाने गेलं. त्यानंतर महिन्याभरात सिमरजोतही गेली.

“दूध नहीं मिला, इसलिए गई बच्ची?”

“रब जाने. पर वो यही मानती थी.”

“बाळाचं... बच्ची का नाम क्या था?”

“किसी ने पूछा ही नहीं,” आंटी म्हणाल्या.

मला इतकी लाज वाटली की रागही सुचेना. तिची बाटली दोनदा ओतली गेली होती, आणि दुसऱ्यांदा ओतणारी मी होते, स्वतः दूध काढायला लपून बसलेली एक आई.

मी आहलुवालियांना त्या खोलीत बोलावलं. तपकिरी बाटली धुऊन टेबलावर ठेवली होती. तिच्यावर लेबल लावलं होतं, तीन रकाने कोरे ठेवून. नाव, तारीख, बाळाचं नाव.

“सिमरजोत,” मी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. मी बाटली त्यांच्यापुढे सरकवली. “मेरी बेटी भूखी है, सर. उसकी भी भूखी थी.”

तेवढ्यात रॅकमागून आवाज सुरू झाला. काचेत बारीक धार. टेबलावरची बाटली मात्र रिकामीच होती. आहलुवालियांनी रॅककडे पाहिलं, मग दाराकडे. ते पळतील असं मला वाटलं. पण त्यांनी खिशातून पेन काढलं. लेबलवर आधी लिहिलं, सिमरजोत. आणि खाली, बाळाच्या नावापुढे, न विचारता, नूर.

“गेट पे आई थी बच्ची को लेकर, ‘मेरी नूर भूखी है’ कहती रही,” ते म्हणाले. “मैंने ही नहीं खोला.”

आवाज थांबला. मी बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि माझा कुर्ता पुढून दुधाने ओला होत असल्याचं मला जाणवलं. त्या दिवशी मी आणि आहलुवालिया, दोघंही तिथे उभे राहून रडलो.

पुढच्याच आठवड्यात औषधांचे नमुने दुसरीकडे हलवले. आहलुवालियांनी स्वतः उभं राहून भिंती रंगवून घेतल्या, दोन खुर्च्या आणि दुधासाठी वेगळा फ्रिज आणला. पॅकिंगमधल्या दोघी आता माझ्याबरोबर बसतात. ईश्वरीचं वजन वाढतंय.

संध्याकाळी आम्ही तिघी आपापल्या बाटल्या घेऊन जातो. फ्रिजमध्ये एक उरते, तपकिरी, भरलेली, कोमट. तिला कुणी हात लावत नाही.

सकाळी ती सिंकजवळ धुऊन पालथी घातलेली असते, बाळाचं पिऊन झाल्यावर घालतात तशी.