न फाटलेला खोका

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा एक जुना खोका आहे. दोन तळहातांत मावेन एवढा. आता माझ्या पोटात काही नाही आणि पोटाखाली बूडही नाही. पुठ्ठ्याला कुठे काय वाटतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, अलीकडे मला फारसं काही वाटत नाही. पूर्वी मात्र वाटायचं.

माझा जन्म लांबच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरं अंग, त्यावर लाल पट्टा आणि झाकणाच्या कोपऱ्यात एक चकचकीत टिकली, माल अस्सल असल्याची खूण. उन्हात धरली की तिचे रंग बदलत. माझ्या पोटात मोटारसायकलच्या ब्रेकचे दोन शू ठेवले. पायात घालायचे नव्हेत हं! चाकाच्या आत बसून चाक दाबून धरणारे, अर्ध्या चंद्रासारखे दोन जड तुकडे. त्यांच्या वजनाने मला मोठं माणूस झाल्यासारखं वाटे.

तिथून मी भिवंडीला, कामतघर भागातल्या तौहीदच्या गॅरेजात आलो. शेजारीच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडणारा कारखाना, त्यामुळे तौहीदला गिऱ्हाइकाशी ओरडूनच बोलावं लागे. पण माणूस सरळ, हाताला गुण. त्याने मला उघडलं तेही किती अलगद! टिकलीला धक्का न लावता पेचकसाने खालची चिकटवलेली बाजू सोडवली, शू काढून कुणाच्या तरी गाडीला बसवले आणि मला पुन्हा होतो तसं मिटलं. मिटताना त्याच्या काळ्या अंगठ्याचा ठसा माझ्या बुडाच्या आतल्या पाळीवर, दुमडायच्या पट्टीवर, उमटला. त्या अंगठ्यावर साखळीत सापडल्याची जुनी आडवी चीर होती. ठशातही ती आली.

मग माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. तिथे माझ्यासारखे रिकामे खोके रांगेने मांडलेले असत. दुकान कसं भरलेलं दिसे! बडा घर पोकळ वासा म्हणतात ना, ते आम्ही. फळी भरली की नवशा भंगारवाला यायचा. फाटका खोका तो घेतच नसे.

"भाई, टिकली फाटली तर माझ्या कामाचा न्हाय," असं म्हणायचा.

भंगारवाल्याला शाबूत खोका कशाला हवा, हे तौहीदने कधी विचारलं नाही. सगळी गॅरेजं असंच करतात, मग त्यानेही केलं.

नवशाने मला धामणकर नाक्याच्या मागच्या एका खोलीत पोचवलं. तिथे माझ्या पोटात पुन्हा दोन शू घातले. दिसायला अगदी तसेच, पण हलके. चाकाला घासतो तो वरचा थर, लायनर, नुसत्या गोंदाने चिकटवलेला. वास अजून ओला होता. माझं बूडही त्याच गोंदाने चिकटवलं. आतला ठसा कुणी पाहिला नाही. पोटात काय घालता, असं विचारायची सोय खोक्याला नसते.

त्या खोलीतून मी सुट्या भागांच्या एका दुकानात गेलो आणि दुकानातून परत तौहीदकडेच आलो. इतके खोके हातांतून जाणाऱ्याने एकाला काय म्हणून ओळखावं? मी मात्र त्याचे हात ओळखले.

एका सकाळी वळ गावचा लडकू आपल्या बायकोला, हौसाला, घेऊन आला. दोघंही गोदामात कामाला. गाडी एकच, ड्युटीही एकाच वेळची.

"तौहीदभाई, डुप्लिकेट नको हां," लडकू लूमच्या खडखडाटातून ओरडला. "माझ्या मागं ही बसते."

"लडकूदादा, खोका बघा ना. सील पॅक हाय!"

हौसाने मला हातात घेतलं. गोदामात परत आलेला माल तपासायचं तिचं काम होतं. तिथे खोका उघडायची परवानगी नसते. सील आणि कडा चाचपायच्या, खोका पास करायचा, दुसरा घ्यायचा. तिची बोटं माझ्या कडांवरून फिरली, टिकलीवर थांबली. असा हात मला पुन्हा कुणी लावला नाही.

"सील बराबर हाय. बसवा," ती म्हणाली.

तौहीदने यावेळी त्यांच्यासमोर मला ऐटीत वरून उघडलं आणि शू मागच्या चाकात बसवले. खोका मजबूत आहे म्हणून हौसाने मला घरी नेलं आणि माझ्यात साडीच्या पिना ठेवल्या.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. पुलाच्या उतारावर समोरचा कंटेनर थांबला आणि लडकूने ब्रेक दाबला. लायनर सुटून आत अडकला, मागचं चाक जाम झालं आणि गाडी आडवी घसरत गेली. लडकूला खरचटलं. हौसा उजव्या हातावर पडली. हाड जुळलं, जखमही भरली, पण बोटांतली जाणीव परत आली नाही. शीर दुखावली आहे, हात वापरत राहा, हळूहळू येईल कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. गोदामातलं काम सुटलं. ती खिडकीशी बसून राही. कुणी विचारलं तर एवढंच म्हणे, "बोटं हायत. पन माझी न्हाईत."

एक दिवस तौहीद आला. गाडीतून निघालेला, कागदात गुंडाळलेला तुटका लायनर त्याने लडकूपुढे ठेवला.

"वहिनी, कसम से, मी ओरिजनल समजूनच बसवला."

"मना ठावं हाय," हौसा म्हणाली. "सील मीच बघितला ना."

तौहीदने ते सील बघायला त्यांच्या फळीवरून मला उचललं आणि त्याच क्षणी माझं बूड सुटलं. तोच गोंद, दुसरं काय होणार? पिना जमिनीवर सांडल्या. उघड्या पाळीवर काळा अंगठा दिसत होता, मधोमध आडवी चीर. तौहीदने आपला अंगठा त्याच्याशेजारी धरला.

"हा खोका माझाच. मीच नवशाला विकला," तो म्हणाला. "असा साबूत."

मग त्याने मला फाडायला दोन्ही हातांत धरलं.

"थांबा," हौसा म्हणाली. "मना द्या."

तिने ओढून पाहिलं. बोटं नुसती घसरली. मी चांगल्या कारखान्याचा पुठ्ठा, मित्रांनो, सहजासहजी फाटत नाही. लडकूने मान वळवली.

तौहीद आता प्रत्येक खोका टिकलीवरूनच फाडतो. नवशाने त्याच्याकडे येणं सोडलं.

माझे जातभाई आम्हाला जपा, सांभाळा, असं सांगतात. मी उलटं सांगतो. सामान काढलंत की आम्हाला फाडा, आधी टिकली फाडा. रिकाम्या खोक्याचा मोह धरू नका.

हौसा रोज दुपारी मला मांडीवर घेते आणि त्याच हाताने ओढते. कुणी मदतीला आलं तर देत नाही. काल माझा एक कोपरा निघाला, नखाएवढा. तिने तो डाव्या तळहातावर घेऊन कितीतरी वेळ पाहिला. मला पुन्हा काहीतरी वाटलं. मी पूर्ण फाटेन, त्या दिवशी तिची बोटं तिची झालेली असतील. मी त्याची वाट पाहतो आहे.